वासाची वाट

एप्रिलच्या एकवीस तारखेला, पारा चव्वेचाळीसवर,
गोळीबार चौकातल्या एका गच्चीवर
कुलरच्या मोटरला वायर जोडता जोडता
भोजराज खाली आला. दोन मजले.
टेस्टर मुठीत तसाच धरलेला.

मेडिकलच्या वॉर्डात अकरा दिवस नुसता श्वास.
बाराव्या दिवशी मला ओळखलं, भावाला नाही.
विसाव्या दिवशी मी डबा उघडला तेव्हा म्हणाला,
"कायची भाजी हाय वं? मले वासच नाही येऊन राहिला."

मी इतवारीत मसाल्याच्या चक्कीवर कामाला.
चौदा वर्षांचे धने, दगडफूल, लवंग
पदरात, केसांत, नखांखाली.
ऑटोत बायका जरा सरकून बसतात.
लग्नाच्या पहिल्या आठवड्यात हाच म्हणाला होता,
"तू गल्लीच्या तोंडाशी आली का मले समजते."
आता उशाशी जाऊन बसले तरी
दचकतो.

डॉक्टर खोब्रागडे, पोरगीच ती,
रात्रपाळीत डोळे चोळत
औषधाच्या पावतीमागे पेनानं मेंदू काढत होती.
आत पाण्याची पोकळी असते, म्हणाली,
तिच्या काठाला काही पेशी, अजून काहीच न झालेल्या.
उंदरांत त्या जन्मभर रांगेनं निघतात,
एकीच्या अंगावरून दुसरी सरकत,
नाकामागच्या, वास ओळखणाऱ्या गाठीकडे.
ठरलेली वाट.
पण डोक्याला मार बसला
की जखमेतून रसायनं पाझरतात,
जवळ दाट, दूर विरळ,
आणि विरळातून दाटाकडे,
दाटातून आणखी दाटाकडे,
रक्तवाहिनीचा कठडा धरून
त्यातल्या काही वाट सोडून वळतात.

"हाक कोण देते त्यांना?"
"जखमच. जी सूज मारते ना,
तिच्यातच बोलावणंही असतं."

मग उरलेलंही सांगितलं, लपवलं नाही.
बहुतेक वाटेतच मरतात.
पोचतात त्यातल्या बऱ्याच विचार करणाऱ्या होत नाहीत,
नुसता व्रण बांधतात, कुंपण घालावं तसा.
आणि माणसात, एवढ्या वयाला,
त्या निघतात तरी का,
यावर मोठमोठ्या लोकांचं अजून भांडण आहे.
याचा वास गेला तो वेगळ्या कारणानं,
हाडावर घासून बारीक धागे तुटलेत.
"फार आस लावू नका, काकू."

मी चौतीस वर्षांची.
पावती मात्र घडी करून ब्लाउजात ठेवली.

धागे तुटणं मला नवीन नाही.
सासऱ्यांच्या मागावर रोज तुटायचे,
ते थुंकी लावून, बोटांत वळून जोडायचे.
गाठ डोळ्याला दिसत नसे,
लुगडं नेसल्यावर कमरेला टोचायची.

रात्री झोप लागत नाही तेव्हा
मी डॉक्टरीणबाईचं सगळं बाजूला ठेवते
आणि माझा हिशोब मांडते:
वासाकडे निघाल्या होत्या, वळल्या जखमेकडे.
म्हणजे माझ्याकडे यायच्या त्या
त्याच्याकडे गेल्या.
चुकीचा हिशोब आहे, मला माहीत आहे.
त्यानं झोप लागते.

मेच्या शेवटी घरी आणलं.
आल्या आल्या ऐकेना, स्वतःच्या कुलरला
नवा खस स्वतःच भरायचा.
बोटं थरथरत होती, तार दोनदा निसटली,
मी हात लावला तर रागावला.
पाणी सुरू केलं. पंख्यानं ओला खस
घरभर फेकला.
तो तोंड वर करून उभा राहिला.
मी विचारलं नाही.
"थंड हाय," म्हणाला,
आणि खाटेवर बसला.

मग बऱ्याच वेळानं,
भिंतीकडे तोंड करून, नाक आक्रसून,
"कायतरी जळून राहिलं का वं?"

काहीच जळत नव्हतं.
दोनदा उठून गॅस पाहिला,
वायरी पाहिल्या, प्लग पाहिला,
बाहेर कुणी कचरा पेटवला का तेही.
घरात फक्त खस. आणि मी.

परत येऊन म्हटलं,
"हो. भाजी लागली थोडीशी."